फक्त एक बाही राहिलीय

आदिलाबादला थंडी पडली हे आम्हाला हैदराबादहून कळतं. डिसेंबर लागला की टीव्हीवर अर्ली, बेला अशी आमच्या जिल्ह्यातली गावं झळकायला लागतात; एरवी वर्षभर त्यांना कोणी विचारत नाही. पारा सहा-सात अंशांवर उतरला, की तिकडे पंखा लावून झोपणारी आमची नणंद फोन करते. "वहिनी, तुमच्याकडे फार गारठा म्हणे! पण तुम्हाला काय, तुम्ही विणता!"

मी विणते हे खरं आहे. मी विणलंय, असं मात्र सहसा कोणाला म्हणता येत नाही.

शेजारच्या अक्का रोज सकाळी दारात मुग्गूची रांगोळी घालता घालता विचारतात, "अयिंदा, वदिना?" झालं का म्हणून. मी म्हणते, "ओक्क बाही बाकी, अक्का." आमच्या गावात तेलुगू, मराठी, गोंडी आणि दखनी एकाच वाक्यात सुखाने नांदतात, त्यामुळे अक्कांना कळतं. त्या विचारतात तपकिरी स्वेटरचं आणि मी सांगते पिवळ्या झबल्याचं. पण बाही दोन्हीकडे राहिलेली असल्यामुळे खोटं कोणीच बोलत नाही.

हा सगळा ऐवज एका लोखंडी पेटीत आहे. डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलेली ही पेटी माहेरहून आली तेव्हा तिच्यात भांडी होती. आता तिच्या तळाशी आहे यजमानांचा स्वेटर. आमचं लग्न ठरलं तेव्हा मी त्याचे टाके घातले. परदेशात विणणाऱ्या बायकांमध्ये म्हणे अशी एक समजूत आहे, की प्रियकरासाठी स्वेटर विणायला घेतला की तो पुरा होण्याच्या सुमारास माणूस सोडून जातो. हे मी वाचलं तेव्हापासून माझ्या मनावरचं ओझंच उतरलं. आमचा संसार सुखाचा चाललाय तो का, हे यजमानांना ठाऊक नाही, इतकंच.

त्या स्वेटरची पाठ तयार आहे. 38 इंच छातीच्या मापाने विणलेली, वेण्यांची नक्षी, सगळं देखणं. पुढचा भाग घ्यायचा म्हणून पुन्हा टेप लावला तेव्हा छाती तेवढीच होती, पण पोट 42 भरलं. म्हणजे मागून बघितलं तर नवरदेव आणि पुढून बघितलं तर वधूपिता. "पाठीला चार इंच वाढव," ते म्हणाले. मी म्हटलं, "पोटाचे चार इंच कमी केले तर?" त्यावर ते मार्केट यार्डात निघून गेले. त्या विषयावर ते नेहमीच मार्केट यार्डात निघून जातात.

हे कापसाच्या अडतीत आहेत. आदिलाबाद म्हणजे कापूस. नोव्हेंबरात यार्डाबाहेर गाड्यांची रांग लागते आणि अख्खं गाव 'ओलावा किती?' या एका प्रश्नावर जगतं. आठ टक्क्यांच्या आत असला तर पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्यापुढे नुसते हात जोडायचे. अशा माणसाच्या घरात लोकर म्हणजे बाहेरचा माल. मी नवी गुंडी आणली की हे तिच्यातले चार तंतू उपसतात, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून सावकाश ताणतात, उजेडाकडे धरून लांबी बघतात आणि निकाल देतात. "ॲक्रिलिक. मेंढी याच्या वाऱ्यालाही उभी राहिलेली नाही."

"कापसाच्या गावात राहून लोकर कसली विणता?" हा प्रश्न मला हळदीकुंकवाला हटकून येतो. त्यावर माझं उत्तर तयार असतं. सुयांवरच्या विणकामाचे जे जुन्यात जुने नमुने इजिप्तमध्ये सापडले, त्यात मोजे आहेत. आठशे-हजार वर्षांपूर्वीचे, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे, आणि ते सुती आहेत! बायका प्रभावित होतात. मग एखादी विचारते, "तुम्ही विणलेत का हो मोजे?" विणलाय. एक. टाच वळवण्यात इतका जीव रमतो, की ती वळली की पुढचं सगळं बेचव वाटतं. आणि दुसरा मोजा म्हणजे आधी सोडवलेलं गणित तेच आकडे घेऊन पुन्हा सोडवणं. तो एक मोजा वाया मात्र गेलेला नाही. सासूबाई त्यात सुटे पैसे ठेवतात.

लोक समजतात, की ही आळशी आहे. आळशी माणूस एक काम अर्धवट ठेवून झोपतो. मी एक अर्धवट ठेवून लगेच दुसरं घेते, याला केवढे कष्ट पडतात! सुरुवातीला काय मजा असते. नवी लोकर गालाला लावून बघायची, टाके घालायचे, दोन सुलट, दोन उलट अशी बॉर्डर चढायला लागते आणि वाटतं, हा या थंडीत होणारच. मग लागतो सपाट भाग. सुलटची ओळ, उलटची ओळ, सुलटची ओळ, उलटची ओळ. इथे पहिल्यांदा मन दुसरीकडे बघायला लागतं. तरी मान खाली घालून गेलं की गळ्यापाशी टाके कमी करायची गंमत येते. आणि एवढं सगळं झालं की पुढ्यात उभी राहते ती शिवण. बाजू जोडा, खांदे जोडा, लोकरीची टोकं आत दडवा, काजं करा, बटणं लावा. मला शिवण आवडली असती, तर मी विणायला कशाला आले असते?

शिवाय मोजणी. एकशे बारा टाके सुईवर आहेत की नाहीत हे बघायला मी सकाळी ओट्यावर बसते आणि नेमका त्याच वेळी भाजीचा गाडा येतो. मी सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस करत असते. तो ओरडतो, "टमाटा किलो याभै!" झालं. याभै म्हणजे पन्नास. माझ्या तोंडून निघतं एक्कावन्न, आणि एकोणपन्नास-पन्नास हे दोन टाके न मोजता पुढे जातात. मागे एकदा कोथिंबीर स्वस्त झाली त्या आठवड्यात माझी पाठ एका बाजूने आखूड आली. मोजून झालं, की गाडेवाला म्हणतो, "अम्मा, मीरू एमी तीसुकोरा?" काहीच घेणार नाही का? त्याला काय सांगणार, की तुझे टोमॅटो माझ्या खांद्यात गेलेत.

सुयांची तर वेगळीच कथा. आमच्याकडे सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे यजमानांना आजतागायत पटलेलं नाही. दहा नंबरची जोडी एका कामात अडकलेली असली की दुसऱ्यासाठी नवी जोडी लागते, आणि नवी आणली की जुनीतली एक नाहीशी होते. तिचा शोध घेतला तर ती कुठे सापडावी? सासूबाई तिने परकराची नाडी ओवतात. मुलगा तिने मोबाइलच्या भोकातला कचरा काढतो. स्वयंपाकघरात ढोकळा शिजला का हे बघायला ती टोचली जाते, आणि हे रात्री हिशेब करताना पाठ खाजवतात ती नऊ नंबरची. एका कामाचे टाके तर मी खराट्याच्या हिरावर उतरवून ठेवलेत. सुई मोकळी करायची म्हणून तात्पुरते. अक्कांनी ते बघितलं आणि अतिशय काळजीने विचारलं, "वदिना, इदि एमिटि?" हे काय म्हणून. मी सांगितलं, मफलर. त्यांनी घरी जाऊन काय सांगितलं ते कळलं नाही, पण दुपारी त्यांच्या सुनेने मला झाडू विकत घ्यायचं दुकान दाखवलं.

हाच मफलर घेऊन मी एकदा नांदेडला निघाले होते. गाडीत विणायला बसलं की अख्खा डबा आपला सासरा होतो. किनवटला एक बाई चढल्या. माझ्यासमोर बसल्या, दोन मिनिटं बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "हात फार घट्ट आहे तुमचा." मी हसले. "असं नाही, इकडे आणा," म्हणून त्यांनी सुया माझ्या हातातून घेतल्याच. नंतर त्या विणतच राहिल्या. हिमायतनगर गेलं, त्यांनी मुलीच्या सासरचं सगळं सांगून टाकलं, नजर एकदाही सुईकडे नाही. भोकरला उतरताना मफलर माझ्या मांडीवर टाकून म्हणाल्या, "येतं हो हळूहळू." आता त्या मफलरमध्ये वीतभर पट्टा असा आहे, की कोणीही बघितलं की म्हणतं, "हे इथे किती सुंदर आलंय!" तो पट्टा आहे म्हणूनच मफलर पुढे सरकत नाही. त्याच्यापुढे माझं विणकाम लावायची मला लाज वाटते.

सगळ्यात बिकट प्रकरण बाळंतविड्याचं. भाचीला दिवस गेल्याचं कळलं त्याच संध्याकाळी मी पिवळी लोकर काढली. पिवळा म्हणजे मुलगा असो, मुलगी असो, चालतो. झबलं, टोपडं, मोजे असा सगळा बेत. बाळ आलं, बारसं झालं, मी "फक्त एक बाही राहिलीय" सांगून पाळण्यात चांदीचा वाळा ठेवला. बाळ रांगायला लागलं. बाळ चालायला लागलं. बाळ फोनवर "आज्जी, माझा स्वेतल कुथे?" म्हणायला लागलं, हे त्याच्या आईने शिकवलेलं होतं. पुढे त्याला भावंड होणार असल्याची बातमी आली तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद मला झाला. दुसऱ्या खेपेला मी बाहीला हातही घातला, पण बाळ दांडगं निघालं. जन्मतःच त्याच्या दंडात ती बाही गेली नसती. परवा भाची स्पष्टच म्हणाली, "मावशी, तुझ्या झबल्यासाठी मी तिसरं होऊ देणार नाही."

लोकर कमी पडली नसती, तर ते झबलं झालंही असतं. आदिलाबादेत ती छटा मिळेना म्हणून नागपूरला इतवारीत जायचं ठरवलं. जायला दोनशे किलोमीटर. पांढरकवडा, हिंगणघाट, जाम करत उतरले, दुकानदाराला पिशवीतला धागा दाखवला. त्याने नंबर बघून तंतोतंत तीच गुंडी काढली. "शेड तोच आहे ताई. लॉट मात्र वेगळा." दुकानातल्या उजेडात मला फरक दिसला नाही. घरी आल्यावर दिसला. एक हळद आणि एक हळदीचा डाग. खरं तर त्याच दुकानात परतीच्या वेळी एक मोरपंखी लोकर दिसली होती. ती काही मी घेणार नव्हते. दुकानदार म्हणाला, "हात लावून बघायचे पैसे पडत नाहीत." एवढ्या चुकीच्या माहितीवर माणूस दुकान कसं चालवतो?

क्रोशाचंही एक आहे. टीव्हीवर घालायचं आवरण, पांढऱ्या सुताचं, कडेला अननसाची वेल. निम्मं झालं तोवर टीव्ही सपाट होऊन भिंतीला चिकटला. आता ते कशावर घालायचं ते ठरेना, म्हणून थांबलंय. यजमानांनी मिक्सर सुचवला. मिक्सरला वेल जास्त होते.

यजमान अशा वेळी नको तितके तार्किक होतात. "बाजारात पाचशेला स्वेटर मिळतो. मग हे कशाला?" त्यांना मी विल्यम लीची गोष्ट सांगते. इंग्लंडातल्या या पाद्र्याने 1589 साली मोजे विणायचं यंत्र केलं. दंतकथा अशी, की त्याचं जिच्यावर मन होतं ती मुलगी सारखी विणत बसायची, याच्याकडे बघायचीच नाही, म्हणून रागाने त्याने यंत्र काढलं. पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याला पेटंट नाकारलं. हाताने विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल म्हणाली. "बघा, राणीला कळत होतं," मी म्हणते. हे विचार करून विचारतात, "ती मुलगी विणून पुरं करायची का पण?"

सासूबाईंची बाजू आणखी वेगळी. त्या पांढरकवड्याच्या. ओट्यावर ऊन घेत बसतात आणि पेटी उघडल्याचा आवाज आला की तिथूनच विचारतात, "काय करून राहिली वं?" मी विणते म्हटलं की ठरलेली गोष्ट निघते. "बासष्ट साली चीननं हल्ला केला त शाळेत बाईनं सांगतलं, जवानायसाठी मफलर विना. आमी एका हप्त्यात देले. तुह्या भरवशावर असते, त बर्फातच राह्यले असते बिचारे." याला उत्तर नाही. देश, जवान आणि सासू असे तिघे एका बाजूला असले की सुनेने मान हलवून चहा टाकावा.

पण सासूबाई ज्या ओट्यावर बसून हे बोलतात, त्या घराच्या गच्चीवर बघा. वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या खांबांच्या सळया आभाळात उभ्या आहेत, सासऱ्यांच्या वेळेपासून. गंजल्यात, तरी त्यांच्यावर दर दसऱ्याला झेंडूची माळ चढते. घराचं फाटक अर्धं हिरवं आहे आणि अर्धं लाल. रंगवायला यजमानांनी घेतलं होतं. मुलगा गिटार शिकतो, त्याला एका गाण्याची सुरुवात उत्तम येते. आणि गावाचं काय सांगावं? निर्मलवरून आर्मूरला जोडणारी रेल्वे येणार, मग हैदराबाद जवळ होणार, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. दर निवडणुकीला त्या मार्गाच्या चार ओळी चढतात आणि निकालानंतर उसवल्या जातात. तिथे कोणी कोणाला "अयिंदा?" विचारत नाही. माझ्या एका बाहीवर मात्र सगळ्या जिल्ह्याचा डोळा.

तरी गेल्या दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मी सगळ्यांदेखत शपथ घेतली, की पेटीतलं संपल्याशिवाय नवा टाका घालणार नाही. ही शपथ कोजागरीपर्यंत टिकली. कोजागरीला अक्कांच्या मुलीला दिवस गेल्याचं कळलं. बाळ काही माझ्या शपथेसाठी थांबणार नव्हतं, आणि मोरपंखी लोकर घरात होतीच.

आमच्याकडची थंडी हीसुद्धा एक अडचणच आहे. ती येते कडाक्याची, पण राहत नाही. केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेला, पुष्य अमावास्येच्या रात्री, माणसं शेकोटीला चिकटून बसतात. तिथून पुढे महिनाभरात सगळं आवरतं. शिवरात्र आली की थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असं अक्का सांगतात. तिच्यामागून माझी सुईही जाते. अपवाद एकच. मुलाची कानटोपी मी खरोखर पूर्ण केली, टोकं दडवली, वर गोंडा लावला. फक्त तेव्हा मे महिना होता आणि बाहेर चव्वेचाळीस अंश. बसते का बघायला ती त्याला घातली आणि फोटो काढेपर्यंत थांब म्हटलं. तो फोटो नणंदेला पाठवला. तिने उलट फोन करून विचारलं, "पोराला ताप आहे का गं? चेहरा किती लाल झालाय!"

यंदा डिसेंबरात हायवेकडच्या रस्त्यावर नेहमीप्रमाणे स्वेटरवाल्यांच्या ओळी लागल्या. एका संध्याकाळी यजमान यार्डातून आले ते नवा स्वेटर घालूनच. चेनवाला, करड्या रंगाचा. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सकाळी लवकर जावं लागतं ना." मी काही बोलले नाही. सासूबाईही बोलल्या नाहीत, यावरून प्रकरणाचं गांभीर्य लक्षात यावं. आठवडाभराने खालच्या काठातून एक धागा सुटला. ते म्हणाले, "जरा बघतेस का?"

मी दिव्याखाली बसले. धागा हळूच ओढला. सरसर एक ओळ उसवली.

"हे काय करतेस?"

"बघतेय. यंत्रावरचा माल कापून शिवलेला असला, तर धागा तुकड्यातुकड्यांनी निघतो."

"आणि नसला तर?"

तो नव्हता. अखंड येत होता. बोटांवर घेऊन बघितला तर मऊ, बारीक, आणि दिव्यात त्याला किंचित निळसर झाक. सवयीने हेही पुढे झाले, चार तंतू उपसून अंगठ्यांत ताणले आणि नकळत म्हणाले, "यात लोकर आहे थोडी." एवढ्यात सासूबाई खाटेवरून उठून बसल्या. उसवायचं काम त्यांच्या हातचं. खुर्चीच्या पाठीवर लड गुंडाळायची, कोमट पाण्यात धुवायची, खाली वरवंटा बांधून दोरीवर टांगायची, की जुना धागा सरळ होतो. त्यांनी खुर्ची ओढली, पाठ माझ्याकडे फिरवली आणि हात पुढे केला.

"आन इकडं. अर्धा किलो तरी निघते."

"अहो आई, मी सकाळी घालू काय?" यजमान कळवळून म्हणाले.

"घोंगडी हाये न," सासूबाई म्हणाल्या आणि मला विचारलं, "काय करतं वं याचं?"